भाच्याने डबल पकडली, आता काय?

चिपळूणहून एका वाचकांचं पत्र आलंय. थोडं आखडून देतो:

"वय पस्तीस, नोकरी करतो. सात-आठ महिने व्हिडिओ बघून पत्त्यांची जादू शिकतोय. मधे घातलेलं पान पुन्हा पुन्हा वर येतं तो खेळ आणि 'तुमचं पान ओळखतो' हा, असे दोन बसवलेत. आरशासमोर झकास होतात. गेल्या गणपतीत आरतीनंतर जागरणाला सगळे पत्ते कुटत बसले होते, तिथे हिंमत करून दाखवले. बारा वर्षांचा भाचा शेजारीच होता. दुसऱ्याच वेळी ओरडला, 'मामाने दोन पानं उचलली!' मग काकांनी 'पुन्हा कर बघू, पुन्हा कर बघू' म्हणत तीनदा करायला लावलं. तिसऱ्यांदा कॅटच हातातून सांडला. पावसात पत्ते चिकटतात ते वेगळंच. हात आणखी जलद करू का? माझी बोटं आखूड आहेत, त्याने अडतंय का? की हातचलाखी नसलेलेच खेळ करावेत? आणि पकडलं गेलं की करायचं काय?"

नमस्कार,

हात जलद करू नका. आहेत त्याहून हळू करा. व्हिडिओतला माणूस सराईत असतो म्हणून त्याचे हात झरझर चालतात, पण त्याचा खेळ त्या वेगावर चालत नाही. समोर तीन फुटांवर बसलेल्या माणसाचे डोळे तुमच्या बोटांपेक्षा केव्हाही तेज असतात. हात अचानक वेगाने हलला की बघणाऱ्याला कारण कळत नाही, पण 'आत्ता इथे काहीतरी झालं' एवढी नोंद होते. आणि ती वेळ सापडली की बाकीचं तर्काने सापडतं.

भाच्याने नेमकं काय पाहिलं असेल ते बघू. एका पानाची जाडी साधारण ०.३ मिमी. ५२ पानांचा कॅट पंधरा-सोळा मिमी भरतो. म्हणजे तुम्ही एकाऐवजी दोन पानं उलटलीत तेव्हा फरक पडला ०.३ मिमीचा, आणि तो कुणाच्या बापाला दिसत नाही. भाच्याला जाडी दिसलेली नाही. त्याला या तिघांपैकी काहीतरी दिसलंय: दोन पानं एकदम उचलता यावीत म्हणून करंगळीने धरलेली फट, दोन पानांच्या कडा सरकून झालेली पायरी, नाहीतर उचलण्याआधी तुमचा हात आणि तोंड दोन्ही थबकलं ते. माझा कौल तिसऱ्याला. डबल लिफ्ट, म्हणजे दोन पानं एकच असल्यासारखी उलटणं, शिकणाऱ्या दहांतल्या नवांचं हेच होतं. बोलणं बंद पडतं, मान खाली जाते, अंगठा पानं चाचपतो, मग 'हं!' करून पान उलटतं. एक पान उलटायला कुणी एवढी तयारी करतं का? रमीत खालचं पान उचलताना तुम्ही श्वास रोखता का?

म्हणून पहिला अभ्यास डबलचा नाहीच. मोबाइल समोर लावा आणि वरचं एकच पान वीस वेळा उलटून दाखवा, जसं बायकोला 'हे बघ, काय आलं' म्हणून दाखवाल तसं. मग चित्रण बघा. तुमचा अंगठा पान कुठे ढकलतो, उजवा हात ते कुठून धरतो, पान डावीकडे पुस्तकासारखं उलटतं की पुढून मागे, किती वेळ लागतो, नजर कुठे असते. आता डबल याच्याशी जुळवायची. एक पान तुम्ही निष्काळजीपणे उलटता आणि दोन मात्र फुलासारखी जपून, तर बघणाऱ्याला दुसरं काही शोधावंच लागत नाही.

आता फटीचं. कॅट डाव्या तळहातात, अंगठा वर डावीकडे, तर्जनी पुढच्या कडेला, बाकीची तीन बोटं उजव्या कडेला. वरच्या दोन पानांखाली करंगळीचं टोक. बोट नाही, टोकावरचं मांस. आपल्याकडच्या मागच्या कोपऱ्याशी एक मिमीची फट उघडली तरी पुरते. तुमची बहुतेक तीन-चार मिमी उघडत असणार, कारण भीती वाटते की पानं निसटतील. पुढची कड तर्जनीने मिटलेली असते, त्यामुळे समोरच्याला काही दिसत नाही. दिसतं ते उजव्या बाजूला, थोडं मागे बसलेल्याला. भाचा 'शेजारी' होता म्हणालात, तो उजवीकडेच असणार. (सावंतवाडीची गंजिफा पाहिली असेल तर गंमत लक्षात येईल. दशावतारी गंजिफेची १२० पानं गोल, त्यामुळे कोपराच नाही. ही सगळी विद्या चौकोनी पानांची.)

आखूड बोटांनी डबल अडत नाही. अडतं ते तळहातात पान लपवण्यात, आणि ते काम तुम्हाला आत्ता दोन वर्षं तरी नको. तरीही कॅट सैल वाटत असेल तर त्याची रुंदी मोजा. जादूवाले वापरतात ती पानं ६३ मिमी रुंद असतात, ब्रिजची ५७ मिमी. उंची दोन्हींची ८८. सहा मिमी ऐकायला किरकोळ वाटतात, पण लहान हाताला अरुंद पानांनी पकड येते.

आता खरा मुद्दा. ही फट धरायची कधी? तुम्ही धरता पान उलटायच्या अर्धा सेकंद आधी, म्हणजे जेव्हा सगळ्यांचे डोळे कॅटवर असतात तेव्हा. चोराने पोलीस दारात आल्यावर कुलूप फोडायला घ्यावं, तसं हे झालं. फट त्याच्या कितीतरी आधी धरा, खेळ सुरू झालाय असं कुणाला वाटायच्या आत. सोपी रीत अशी: 'साधेच पत्ते आहेत' म्हणत वरची दहा-बारा पानं दोन्ही हातांत पसरून दाखवायची आणि पुन्हा गोळा करायची. गोळा करताना वरची दोन पानं जराशी मागे राहतात, त्यांच्याखाली करंगळी सरकते आणि कॅट बंद होतो. वेगळी हालचाल अशी काही होतच नाही. मग कॅट हातात तसाच ठेवून भाच्याकडे बघायचं आणि विचारायचं, 'तू मागच्या वेळी कुठे बसला होतास रे?' तो विचार करेल, उत्तर देईल, बाकीचे हसतील. दहा सेकंद गेले. मग सहज पान उलटा. कुणी बोटांकडे बघत असलंच तरी आता बघण्यासारखं काही शिल्लक नाही.

बघणाऱ्यांना फसवण्याचं बरंचसं तंत्र या अंतरात आहे. काळं काम एका वेळी होतं आणि जादू दुसऱ्या वेळी घडल्यासारखी दिसते. माणूस नेहमी जादू झाली त्या क्षणाच्या जवळपास कारण शोधतो. तिथे तुमचे हात रिकामे आणि स्वच्छ असले की तो अडतो. उलटही चालतं. खेळ संपला, लोक 'अरे!' म्हणून मागे रेलले, एकमेकांकडे बघायला लागले, की पुढच्या खेळाची तयारी करायची. हशा हा पत्तेवाल्याचा पडदा आहे. त्याच्याआड जे उरकतं ते टाळ्या पडेपर्यंत वाट बघून उरकत नाही.

उलटतानाची एक बारीक गोष्ट. दोन पानं चित्र वर करून कॅटवर ठेवाल तेव्हा अगदी नीट बसवू नका. जोडी आपल्याकडे साधारण एक सेंटिमीटर बाहेर राहू द्या. मग परत पालथी करताना पुन्हा फट शोधावी लागत नाही, बाहेर आलेली कड धरली की जोडी येते. सांडलं ते इथेच असणार: दुसऱ्यांदा चाचपडताना तीन पानं उचलली गेली, ती सावरताना बाकीची गेली. आणि 'हे बघा, एकच पान' हे वाक्य तोंडातून काढूच नका. कुणी विचारलं होतं? तुम्ही 'एक' म्हणालात की ऐकणारा मोजायला लागतो. 'चौकट सत्ती' एवढंच म्हणा.

'पुन्हा कर बघू'चा मामला निराळा आहे. पत्तेवाल्यांत एक किस्सा शंभर वर्षं फिरतोय. हॅरी हुडिनी या नामांकित जादूगाराची बढाई होती की कुठलाही खेळ लागोपाठ तीनदा दाखवला की मी त्याचं मर्म सांगतो. १९२२ मध्ये शिकागोत डाय व्हर्नन नावाच्या कॅनेडियन तरुणाने त्याला हाच खेळ, तुमचाच, मधे घातलेलं पान वर येण्याचा, पुन्हा पुन्हा दाखवला. हुडिनीला सांगता आलं नाही. व्हर्नन पुढे 'हुडिनीला फसवणारा माणूस' म्हणूनच मिरवला. या किश्श्यातून लोक 'म्हणजे परत दाखवायला हरकत नाही' असा अर्थ काढतात आणि तोंडावर आपटतात. हा खेळ परत दाखवता येतो, पण त्याच रीतीने नाही. प्रत्येक फेरीत दिसणं तेच, करणं वेगळं. स्पेनचा जादूगार ख्वान तामारिझ याच्या पुढे जातो. प्रेक्षकाच्या डोक्यात जे जे उत्तर येऊ शकतं ते ते आधीच ओळखून एकेक दार बंद करत जायचं, असं तो शिकवतो. तुमच्या भाच्याने त्याचं उत्तर मोठ्याने सांगून तुमचं निम्मं काम केलंय. त्याचं दार 'दोन पानं'. दुसरी फेरी तेच दार बंद करणारी हवी.

ती अशी. पहिली फेरी डबलने झाली, चौकट सत्ती वर आली. आता ती खरोखर एकटी आहे. ती भाच्याच्या हातात द्या. 'दोन आहेत का बघ.' तो वाकवेल, नखाने खरवडेल, खरवडू द्या. तो त्यात गुंतलेला असताना डाव्या हातातल्या कॅटचं वरचं एकच पान मागच्या कडेला करंगळीने वर धरा, या वेळी मात्र चांगली सेंटिमीटरभर फट. पुढची कड मिटलेलीच. आता भाच्याकडून सत्ती घेऊन मागच्या बाजूने आत सरकवा. खरं तर ती त्या फटीत जाते, म्हणजे वरून दुसरी बसते. समोरून मात्र पान कॅटच्या मध्यावर शिरल्यासारखं दिसतं, कारण वरचं पान उतरतं असल्याने मागची कड जाड दिसते आणि सत्ती तिच्या बरोब्बर मधे जाते. हीसुद्धा व्हर्ननचीच युक्ती. पान अर्धं आत असताना थांबा, दिसू द्या, मग सावकाश ढकला. फट मिटली की सत्ती दुसऱ्या जागी, आणि वर येण्यासाठी तुमची तीच डबल. फरक एवढाच की एक पान स्वतःच्या हातांनी तपासून ते मधे जाताना भाच्याने पाहिलंय. 'दोन'चा मुद्दा आता तो स्वतःच सोडून देतो.

ही युक्ती फक्त समोरच्यासाठी. जमिनीवर बसून करत असाल आणि मागे पोरं उभी असतील तर करू नका, त्यांना फट बोगद्यासारखी दिसते. भिंतीला पाठ लावून बसा. दोन फेऱ्या पुरेत. तिसरी काकांनी मागितली तर कॅट त्यांच्याच हातात द्या, 'पिसा जरा', आणि दुसऱ्या खेळावर जा.

पिसण्यावरून आठवलं. आपण पत्ते पिसतो ती रीत, म्हणजे कॅट एका हातात कडेने धरायचा आणि दुसऱ्या हाताने वरून थोडे थोडे पत्ते ओढून घ्यायचे, तिला पाश्चात्त्य जादूगार 'हिंदू शफल' म्हणतात. त्यांच्याकडे ती जरा वेगळी दिसते आणि चाणाक्ष माणूस सावध होतो. आपल्याकडे आजीपासून नातवापर्यंत सगळे असंच पिसतात, त्यामुळे तिच्यावर कुणाचा संशय जात नाही. या फुकटच्या सोयीचा फायदा न घेणारे मराठी जादूगार फार. नीट बघा: पत्ते वरून ओढले जातात, तेव्हा उजव्या हातात उरलेल्या गठ्ठ्याचं तळाचं पान शेवटपर्यंत हलत नाही. समजा ते पान किलवर राणी आहे. पिसत राहा आणि समोरच्याला सांगा, 'हवं तिथे थांब म्हण.' तो थांब म्हणाला की उजव्या हातातला गठ्ठा उभा करून तळाचं पान त्याला दाखवा. त्याला वाटतं, मी निवडलं. पान तुम्ही आधीच ठरवलेलं होतं, त्याच्या गळ्यात मारलंत. मग दाखवलेला गठ्ठा उरलेल्यावर टाका, कॅट त्याच्याकडे द्या, त्याला हवं तितकं पिसू द्या. पान तुम्हाला माहीतच आहे.

बिघडतं कुठे? एक, तो उशिरा 'थांब' म्हणतो आणि हातात पाच-सात पत्तेच उरतात. म्हणून सुरुवातीला बारीक बारीक गठ्ठे ओढायचे, आणि अर्ध्यावर आलं तरी तो गप्प असला तर हसून 'बोला, पत्ते संपतील' म्हणायचं. दोन, पिसताना हात उचलला जातो आणि राणी सगळ्यांना आधीच दिसते. रमीवाल्यांची नजर तळाच्या पानावरच असते, ती त्यांची सवय आहे. गठ्ठ्याचं तोंड जमिनीकडे ठेवा. तीन, एकाच बैठकीत दोघांना करू नका. दोघांचीही किलवर राणी निघाली की तुम्ही काय केलंत ते शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

दुसरी रीत याहूनही बिनधोक, आणि तुम्हाला हवी तशी, हातचलाखी शून्य. गळ्यात मारायचं पान कॅटच्या अगदी वर ठेवा. कॅट चटईवर ठेवून काकांना काटायला सांगा. ते वरचा अर्धा उचलून बाजूला ठेवतील. आता तुम्ही खालचा अर्धा उचला आणि त्यांनी ठेवलेल्या अर्ध्यावर आडवा ठेवा, अधिकच्या चिन्हासारखा. 'काकांनी काटलं तिथली खूण.' म्हणजे ठरवलेलं पान आत्ता खालच्या गठ्ठ्याच्या वर, अगदी काटीच्या जागी आलं. पण लगेच उचलू नका! लगेच उचललंत तर कुठला अर्धा कुठला होता हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतं. पंधरा-वीस सेकंद दुसरीकडे न्या. ठरवलेल्या पानाचं नाव लिहून पाकिटात घालून ठेवलेली चिठ्ठी काढा, ती काकूंच्या हातात द्या, 'मी दुपारीच लिहून ठेवलीय, उघडू नका' म्हणा, काकांना विचारा की काटताना काही ठरवून काटलं का. मग हात आडव्या गठ्ठ्याकडे: 'तुम्ही काटलं तिथलं पान.' वरचा उचला, खालच्याचं पहिलं पान काकांना घेऊ द्या. ते कॅटचं मूळचं पहिलं पान असतं, काटीशी त्याचा काडीचा संबंध नाही. न उचलता नुसतं बघणाऱ्यांनासुद्धा तो संबंध डोळ्यांनी पाहिल्यासारखा आठवतो.

ही युक्ती आपल्या घरांत एका जागी हमखास फसते. पत्ते खेळणाऱ्याला अर्धी काट बघवत नाही. तुम्ही आडवा गठ्ठा ठेवलात की शेजारची मावशी हात पुढे करून तो सरळ करते आणि झालं. म्हणून ठेवतानाच 'ही अशीच राहू दे' म्हणा, आणि गठ्ठा सर्वांच्या हाताबाहेर ठेवा.

लोक इतके कसे फसतात, त्यांना आठवत कसं नाही, असं वाटेल. स्वीडनमध्ये २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. माणसाला दोन चेहऱ्यांचे फोटो दाखवायचे, आवडलेला निवडायला सांगायचं, आणि हातात देताना पत्तेवाल्यांच्या चलाखीने बदलून दुसराच द्यायचा. बहुतेकांच्या लक्षात आलं नाही. एवढंच नाही, न निवडलेला चेहरा आपल्याला का आवडला याची कारणंही त्यांनी देऊन टाकली. तुमच्या कामाचा भाग शेवटचा. खेळाच्या शेवटी सारांश तुम्ही सांगायचा: 'काका, तुम्ही काटलंत, पान तुम्ही काढलंत, चिठ्ठी काकूंच्या हातात होती.' सगळं खरं आहे, फक्त आडवा गठ्ठा कुणी ठेवला ते गाळलंय. दुसऱ्या दिवशी काका शेजाऱ्याला हीच गोष्ट सांगतील, आणि त्यात तुम्ही पत्त्यांना हातच लावलेला नसेल.

बिनहातचलाखीचा आणखी एक देतो, गणिताचा. नॉर्मन गिलब्रेथ या अमेरिकन गणितज्ञ-जादूगाराने १९५८ मध्ये तो प्रसिद्ध केला. जोकर काढा. पत्ते आधीच लाल-काळा, लाल-काळा असे लावून ठेवा, २६ आणि २६. सगळ्यांसमोर दोन-तीनदा काटू द्या, काटण्याने क्रम मोडत नाही. मग कुणालाही वरून एकेक पान वाटल्यासारखं खाली ठेवत जायला सांगा, साधारण अर्धे होईपर्यंत, २० ते ३० कितीही चालतील. आता दोन गठ्ठे झाले आणि वाटलेल्याचा क्रम उलटा झाला. दोन्ही एकमेकांत एकदाच मिसळायचे. मग कॅट पाठीमागे घेऊन वरून दोन-दोन पानं पुढे टाकत जा आणि 'मला स्पर्शाने रंग कळतो' अशी थाप मारा. प्रत्येक जोडीत एक लाल, एक काळं. सव्वीसच्या सव्वीस जोड्या.

का चालतं? वाटणं थांबलं तेव्हा दोन गठ्ठ्यांची वरची पानं विरुद्ध रंगांची असतात, एक शेवटचं वाटलेलं, दुसरं त्याच्या लगेच नंतरचं. समजा डावीकडे लाल, उजवीकडे काळं. मिसळलेल्या कॅटमध्ये पहिलं लाल आलं, तर डावीकडचं पुढचं काळं आणि उजवीकडचं वरचंही काळं. दुसरं पान कुठूनही येवो, काळंच. जोडी पुरी झाली की दोन गठ्ठ्यांची तोंडं पुन्हा विरुद्ध रंगांची. असं शेवटपर्यंत.

यात गोम मिसळण्याची आहे. इथे आपलं नेहमीचं पिसणं चालत नाही, त्याने सगळा क्रम विस्कटतो. दोन गठ्ठ्यांचे कोपरे अंगठ्यांनी फर्रर्र करत एकमेकांत सोडायचे ती रीत हवी, आणि तीही एकदाच. ती कुणाला येत नसेल तर दोन्ही गठ्ठे चटईवर ठेवून, वर बोटं दाबून गोल फिरवा म्हणजे पाकळ्यांसारखे फुलतात. मग दोन्ही फुलं एकमेकांत ढकलून चौकोनी करा. दिसायला भलतं गोंधळाचं दिसतं आणि चालतं तितकंच. आणि पत्ते आधी मोजा. घरातल्या कॅटमध्ये ५१ पानं असणं ही काही नवलाची गोष्ट नाही.

चिकटणाऱ्या पत्त्यांबद्दल. चांगल्या पानांच्या पाठीवर बारीक खड्ड्यांची जाळी उठवलेली असते. तिच्यात हवा राहते आणि पानं एकमेकांवरून घसरतात. गुळगुळीत, स्वस्तातल्या प्लास्टिक-लेपाच्या पानांना ती नसते. कोकणातल्या दमट हवेत ती चिकटतात आणि अंगठ्याने एक ढकललं तर तीन येतात. जाळीचा कॅट घ्या, पाठीला पांढरी किनार असलेला. एखादं पान चुकून उलटं राहिलं तरी किनारीमुळे कडेला दिसत नाही. हवाबंद डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा, दाखवायच्या दहा मिनिटं आधी काढा. पावडर लावू नका, अंगावरची टाल्कम तर मुळीच नको, ती ओल शोषून लगदा करते. प्रसादाच्या तुपकट हातांनी कुणी पत्त्यांना हात लावणार नाही हेही बघा. एका मोदकात कॅट कामातून जातो.

आरशाचा सराव कमी करा. आरशात तुम्ही स्वतःचं प्रेक्षक होता आणि नेमकं काळं काम करताना डोळे मिचकावता, नकळत. मोबाइल भाच्याच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा, एकदा समोर, एकदा उजवीकडे मागे. दुसऱ्या कोनातून जे दिसेल त्याने वाईट वाटेल, पण तेच बघायला हवं.

जत्रेत तीन पालथ्या पत्त्यांतली राणी कुठली यावर पैसे लावायला सांगणारा दिसला तर त्याचे हात बघा, लांबून आणि पैसे खिशात ठेवून. एका हातात दोन पानं, एकाखाली एक. सगळे धरून चालतात की आधी खालचं पडेल. तो वरचं टाकतो, तेही आरामात. तुम्ही राणीवर लक्ष ठेवून असता आणि ठेवता चुकीच्या पानावर. वेगाचा भ्रम घालवायला यापेक्षा चांगली शिकवणी नाही. मात्र त्याच्याभोवती जिंकणारे जे दोघे-तिघे दिसतात ते त्याचेच असतात.

पकडलं गेल्यावर वाद घालू नका, 'नाही, एकच होतं' तर अजिबात नको, कारण पुढचं वाक्य 'मग दाखव' असतं. 'तुझी नजर भारी आहे' म्हणा आणि मोकळे व्हा. लहान मुलं अवघड प्रेक्षक असतात. मोठी माणसं तुम्ही प्रश्न विचारला की सभ्यपणे तुमच्या तोंडाकडे बघतात, पोरं बोटांकडेच बघत राहतात. त्यांच्यापुढे बोलण्याने काम होत नाही, हातात काहीतरी द्यावं लागतं.

तेव्हा यंदा क्रम असा ठेवा: आधी आडव्या काटीची चिठ्ठी, मग लाल-काळा, आणि तुमचा वर येणाऱ्या पानाचा खेळ शेवटी, दोनच फेऱ्या. भाच्याला समोर बसवा, बरोब्बर समोर. चौकट सत्ती त्याच्या हातात गेली की 'दोन आहेत का बघ' एवढं म्हणून त्याच्याकडे बघत राहा.